खांद्याला हात

दिल्ली डोंगरमित्र मंडळाचा महिना ठरलेला असतो. पहिल्या शनिवारी मयूर विहारमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक, म्हणजे पोहे, चहा आणि मागच्या वेळी कोण आलं नाही याची सविस्तर चौकशी. दुसऱ्या रविवारी अरावलीत कचरा वेचणं. तिसऱ्या रविवारी दोराचा सराव आणि त्याच फेरीत धौच्या, म्हणजे धावड्याच्या जातीतल्या इथल्या झाडाच्या, रोपांना पाणी. चौथा रविवार घरच्यांचा, तोही मंडळाने मोठ्या मनाने दिलेला. अलकनंदा पेंढारकर अकरा वर्षं या मंडळाची चिटणीस आहे. सोमवार ते शुक्रवार एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, राहायला लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये, नवरा श्रीरंग पोस्टिंगवर गुवाहाटीला, आणि एकुलती एक लेक रेवती, वीस वर्षांची. बाई फाइलीवर शेरा मारतात तशाच डोंगरावरही बोलतात, मोजकं आणि खाली सही ठोकल्यासारखं.

आता तुम्ही म्हणाल, रोपांना पाणी घालायला दोर कशाला? त्याचं असं आहे. गुडगाव-फरीदाबाद रस्ता सोडून आत वळलं की एक बंद पडलेली दगडखाण लागते. यंत्रांनी उभा कापलेला डोंगर तिथे साठ-सत्तर फुटांच्या भिंतीसारखा उभा आहे. खाली काही लावायची सोय नाही. शेळ्या ठेवत नाहीत, आणि शेळ्यांच्या तावडीतून सुटलंच तर विलायती बाभूळ जगू देत नाही. भिंतीच्या निम्म्यावर मात्र हातभर रुंदीचा एक कट्टा आहे, त्यावर माती साचलेली आहे. शेळी तिथे पोचत नाही, माणूस दोरावरून पोचतो. मंडळातल्या कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं आणि त्या कट्ट्यावर धौची सात रोपं लागली. तेव्हापासून महिन्यातून एकदा कुणीतरी पाठीला पाण्याचे कॅन बांधून वर जातं आणि कुणीतरी खाली दोर धरून उभं राहतं.

दोर धरणं हे बघणाऱ्याला बिनकामाचं काम वाटतं. भिंतीच्या माथ्यावर एक लोखंडी कडी आहे. चढणाऱ्याच्या कमरेचा दोर त्या कडीतून फिरून खाली येतो आणि खालच्या माणसाच्या पट्ट्याला अडकवलेल्या एका छोट्या साधनातून जातो. खालच्याचा उजवा हात दोरावर घट्ट असला की दोर अडतो. हात सुटला की दोर सुटतो, आणि दोराच्या टोकाचा माणूसही. एवढंच.

कट्टा भिंतीच्या फुगवट्याच्या वर आहे, त्यामुळे वरचा माणूस खालून दिसत नाही. रविवारी आणखी दोन-चार ग्रुप तिथे असतात, त्यांच्या आरोळ्या खाणीत घुमतात, कुणाचं कुणाला कळत नाही. म्हणून मंडळाने सुरुवातीलाच ठरवलं की हाकेवर विश्वास ठेवायचा नाही. दोराला झटके द्यायचे. एक म्हणजे ठीक, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे खाली घे. आणि खाली पोचलेल्याने गाठ सोडायची, दोर धरणाऱ्याच्या मागे यायचं आणि त्याच्या डाव्या खांद्यावर दोनदा हात मारायचा. तो हात पडेपर्यंत दोर सोडायचा नाही. पडला की सोडायचा. या सवयीने मंडळातल्या लोकांचं इतकं झालंय की मेट्रोत मागून कुणाचा खांद्याला हात लागला तरी हातातली पिशवी सुटते. बैठकीत यावर दर वेळी हसतात.

म्हणजे हसायचे. तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात चेतना सावदेकर त्या भिंतीवरून पडली आणि तो विनोद बंद झाला.

दोर तिच्या नवऱ्याच्या, मुरलीधररावांच्या हातात होता. चेतना कट्ट्यावरून निघाली होती, पूर्ण वजन दोरावर होतं, आणि त्यांनी दोर सोडला. पोलिसांना, डॉक्टरांना, मंडळाला, सगळ्यांना ते एकच सांगत राहिले. माझ्या खांद्यावर हात पडला. दोनदा पडला. मागून चेतनाच म्हणाली, झालं. मंडळाने चौकशी केली. ती अलकनंदाने लिहिली. शेवटच्या परिच्छेदात तिने लिहिलं की घटनास्थळी तिसरी व्यक्ती नव्हती, सबब खांद्याला हात लागल्याचा दावा अग्राह्य आहे आणि ही दोर धरणाऱ्याची अक्षम्य हयगय आहे. मुरलीधररावांचं सभासदत्व गेलं. बायको आधीच गेली होती. त्यानंतर अलकनंदाने त्यांना एकदाही फोन केला नाही. काय बोलणार होती?

दोन वर्षं भिंत बंद राहिली. सातातली दोन रोपं वाळली, मग सभासदांचाच जीव कळवळला आणि पाणी पुन्हा सुरू झालं.

जानेवारीचा तिसरा रविवार. व्हॉट्सअ‍ॅपवर बारा जणांनी अंगठे दाखवले होते आणि आले चौघे. बाकीच्यांना धुक्याने घरात बसवलं होतं, आणि खोटं कशाला बोला, धुकं होतंच तसं. सकाळचे दहा वाजून गेले तरी गाडीच्या बॉनेटपुढचं दिसत नव्हतं. मयूर विहारचे शंकरराव आणि कौशल्याकाकू आपला चहाचा थर्मास आणि कचऱ्याची पोती घेऊन हजर होते, कारण त्यांना न येणं माहीतच नाही. शंकरराव मागच्या पायवाटेने माथ्यावर जाऊन कडीत दोर ओवून आले. वर चढायचं होतं प्रणिताला, पण तिचा नोएडाहून मेसेज आला की एक्स्प्रेसवेवर गाड्या एकमेकांवर आदळल्यात, मी परत फिरते.

"मग मी जाते ना," रेवती म्हणाली. "वीस मिनिटांचं काम आहे, यार. मागच्या महिन्यात पण पाणी नाही दिलं आपण."

"धुकं उतरू दे."

"आई, हे धुकं मार्चमध्ये उतरेल. चलो, दोर धर."

अलकनंदाने मनातल्या मनात नियमावली चाळली. धुक्याबद्दल तिच्यात काहीच नव्हतं, आणि ती तिनेच लिहिली होती. रेवती वयाच्या बाराव्या वर्षापासून चढत होती, मंडळातल्या निम्म्या लोकांपेक्षा बरी चढत होती. नाही म्हणायला कारण सापडेना. आपल्या पोरीच्या बाबतीत आईला नेहमीच नको वाटतं, असं स्वतःला समजावून तिने गाठ तपासली, पुन्हा तपासली, आणि रेवतीच्या पाठीवर थाप मारली.

शंकरराव आणि काकू पोती घेऊन खाणीच्या दुसऱ्या टोकाला गेले. दहा पावलांवर त्यांच्या पाठी दिसेनाशा झाल्या, वीस पावलांवर बोलणंही विरलं.

रेवती चढू लागली. निळे बूट, पाठीवर दोन कॅन. मग नुसते निळे बूट. मग दगडावर बूट घासल्याचा आवाज, आणि मग तोही नाही. दोर तेवढा अलकनंदाच्या हातातून हळूहळू सरकत होता, आणि दोर सरकतोय म्हणजे पोरगी चढतेय, इतकंच तिला कळत होतं. ओल्या दगडाचा वास येत होता. त्यात आणखी एक वास होता, भिजलेली गोणपाटं कोंडून ठेवल्यावर येतो तसला. इथे गोणपाटं कुठून येणार, तिला वाटलं, शंकररावांची पोती असतील. ती तर प्लास्टिकची होती.

दोर थांबला. एक झटका आला. ठीक. पोचली कट्ट्यावर.

अलकनंदाने एक झटका परत दिला आणि श्वास सोडला. वरून पाणी ओतल्याचा बारीक आवाज येतोय का म्हणून कान लावला. धुकं कानातही भरल्यासारखं झालं होतं. दूरच्या रस्त्यावरचे ट्रक ऐकू येईनात, पक्षी तर नाहीच. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मान वर करून ठेवलेली, मानेला रग लागली, पण तिने नजर काढली नाही. बघायला तिथे पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

मग तीन झटके आले. खाली घे.

दोरावर वजन आलं. पोरीचं सगळं वजन. अलकनंदाने पाय रोवले आणि दोर इंचाइंचाने सोडायला सुरुवात केली. फुगवट्याच्या आसपास आली असेल, तोच दोन झटके. थांब. काहीतरी अडकलं असणार, कॅनचा पट्टा वगैरे. अलकनंदाने उजवी मूठ आवळली आणि थांबली. जमिनीपासून पंचवीस-तीस फुटांवर तिची लेक आता नुसत्या दोरावर लोंबकळत होती, आणि तो दोर या मुठीत होता.

डाव्या खांद्यावर हात पडला. एकदा. पुन्हा एकदा.

"झालं, आई."

तिची बोटं उघडली. तिने उघडली नाहीत, ती उघडली. अकरा वर्षांची सवय, डोक्याला विचारत बसते होय? दोर सर्रकन फूटभर पळाला, तळवा भाजला, आणि त्या भाजण्यानेच ती भानावर आली. मूठ पुन्हा आवळली. वर कुठेतरी दगडावर काहीतरी आपटलं. दोर ताठ झाला. वजन होतं. जसंच्या तसं होतं.

रेवती खाली आली असेल तर दोरावर काय आहे?

"सोड ना. मी आले की खाली."

आवाज रेवतीचाच. 'की' वर जरासा हेल, थंडीने किंचित बसलेला. अगदी मागून, कानाच्या मागून. तिला वळायचं होतं, आणि वळायचं नव्हतं. तिने फक्त डोळे डाव्या बाजूला फिरवले.

खांद्यावर हात नव्हता. पण तिच्या कापूस भरलेल्या जाकिटावर, खांद्याच्या फुगीर भागात, चार बोटांएवढ्या चार खळग्या पडल्या होत्या. कुणीतरी हात ठेवून दाबून धरावं तशा. आणि त्या भरून येत नव्हत्या.

"शंकरराव..." तिने हाक मारली. पुन्हा मारली. "शंकरराव... इकडे या."

तिने दोराला एक झटका दिला. ठीक आहेस का?

"आई... कुणाला विचारतेस?" मागून आवाज आला. त्यात जरा हसू होतं.

दोर गप्प राहिला. एक क्षण, दोन क्षण. मग वरून एक झटका आला. क्षीण होता, पण आला.

अलकनंदाने डोळे मिटले. घाबरलेल्या माणसाचं डोकं चालत नाही म्हणतात, पण तिचं चाललं. कचेरीत पंचवीस वर्षं दोन्ही बाजू लिहून काढायची सवय, ती कामाला आली. मागे खरंच रेवती असेल आणि मी दोर धरून उभी राहिले, तर काय जातं? काही नाही, पोरगी चार शिव्या घालेल. वर रेवती असेल आणि मी दोर सोडला तर? याचं उत्तर तिने तीन वर्षांपूर्वी या भिंतीखाली चादरीने झाकलेलं पाहिलं होतं. धरायचं. काही झालं तरी धरायचं. ठरलं.

जणू तिने हे मोठ्याने म्हटलं असावं, असा मागचा आवाज बदलला.

"आई... मला लागलंय."

ती हलली नाही.

"उतरताना डोकं आपटलं. बघ ना... ओलं लागतंय केसांत." मग मुसमुसणं. लहानपणी ताप भरला की रेवती रडायची तसं, आवाज न करता, नाकाने. "आई, वळ ना. आई गं... मला दिसत नाहीये नीट."

आता सांगा, कुठल्या आईने काय करावं? मघाशी वर काहीतरी आपटलं होतं, ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. दोर तिच्याच हातून सुटला होता. समजा त्या फूटभरात काहीतरी घडलं असेल, समजा गाठ सुटून पोरगी केव्हाच खाली आली असेल आणि दोर वर कुठल्या फटीत अडकून ताठ राहिला असेल. होतं असं. दोर अडकतो. मग हे वजन म्हणजे दगडाची पकड, आणि मागे आपली लेक रक्ताने भिजून उभी आहे, आणि आपण तिच्याकडे पाठ करून उभ्या आहोत. अलकनंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"आई... मी पडते आता..."

मागे खडीवर काहीतरी धपकन पडलं. अगदी तिच्या टाचांजवळ. गोणपाटाचा वास एकदम इतका दाटला की तिला उमासा आला.

"मला माफ कर, बाळा," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. आणि तिने वळण्याऐवजी दोर इंचभर खाली सोडला. आणखी इंचभर. वरून थांबायचा झटका आला नाही. ती सोडत राहिली, डाव्या खांद्यावरचा तो दाब सहन करत, टाचांशी कण्हणं ऐकत, ओठ दातांत धरून. कण्हणं बारीक होत गेलं. मग त्याने तिला 'आई' म्हणणं थांबवलं, आणि मग ते नुसतं श्वास घेत राहिलं.

धुक्यातून निळे बूट खाली आले. मग पँट, मग रिकामे कॅन, मग रेवती. पाय टेकले. दोर सैल झाला. रेवतीने गाठ सोडली आणि सवयीप्रमाणे आईच्या मागे जायला निघाली.

"मागे जाऊ नकोस," अलकनंदा म्हणाली. "समोर ये. माझ्या समोर ये."

रेवती समोर आली. कोपर खरचटलं होतं, बाकी धड होती. अलकनंदाने मोकळ्या हाताने तिचे केस चाचपले, कपाळ चाचपलं, गाल चाचपले. उजवी मूठ अजून दोरावर होती.

"आई, तू रडतेयस? काय झालं? मध्येच दोर सुटला ना जरा? माझी तर जान गेली."

"तू काही बोललीस का, रेवती? वरून? मला हाक मारलीस?"

"मी कशी बोलणार? कॅनचा पट्टा तुटला, तो दातांत धरला होता. एक हात दगडावर, एका हातात दुसरा कॅन, तुझ्या झटक्याला उत्तर पण कंबर हलवून दिलं. मी तर उलट..." ती थांबली. तिने आईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि तिचाही आवाज उतरला. "तू का तसं बोलत होतीस?"

"कसं?"

"तू म्हणत होतीस, गाठ सोड. कितीतरी वेळा म्हणालीस. आलीस खाली, जमिनीवर आहेस, पाय टेकलेत, गाठ सोड. धुक्यात मला पण वाटलं की आले असेन खाली. खालची जमीन दिसतच नव्हती. मी सोडणार होते, आई... हात रिकामा नव्हता म्हणून."

पट्टा तुटला नसता, तर हात रिकामा असता. अलकनंदाने एवढं वाक्य मनात जुळवलं आणि पुढे विचार करायचं नाकारलं. तिने मागे वळून पाहिलं. खडी होती. तिच्या टाचांजवळची खडी जरा दबलेली होती, पण खडी दबतेच. जाकिटाच्या खांद्याकडे तिने पाहिलं नाही. जाकीट काढलं, गुंडाळलं आणि तिथेच खाणीतल्या एका खड्ड्यात टाकून दिलं. अकरा वर्षांत तिने अरावलीत टाकलेला हा पहिला कचरा.

शंकरराव आणि काकू पोती भरून आले. हाक त्यांना ऐकू गेली नव्हती. अलकनंदाने त्यांना काही सांगितलं नाही, फक्त म्हणाली की दोर काढून घ्या, या भिंतीवर मंडळ पुन्हा येणार नाही. शंकररावांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि दोर ओढून घेतला. दोर डिकीत गेला, सगळं सामान डिकीत गेलं. चहासुद्धा न घेता दोन्ही गाड्या निघाल्या.

रस्त्यावर धुकं तसंच होतं. अलकनंदा तीसच्या पुढे जात नव्हती. समोर शंकररावांच्या गाडीचे लाल दिवे होते, ते एका वळणावर दिसेनासे झाले. हीटरच्या उबेने रेवती पाच मिनिटांत झोपली, हात मांडीवर, डोकं खिडकीकडे. तिच्याकडे बघून अलकनंदाला एकदम इतकं भरून आलं की रस्ता डोळ्यांपुढे हलायला लागला. पोरगी शेजारी होती. श्वास घेत होती. आणखी काही नको होतं.

आणि मग मुरलीधरराव आठवले. आठवले कसले, सकाळपासून ते तिथेच होते. तीन वर्षं तो माणूस खरं बोलत होता, आणि तिने त्यावर 'अग्राह्य' लिहिलं होतं. तिने गाडीलाच फोन लावायला सांगितलं. नंबर अजून होता. दोन-तीन रिंगनंतर उचलला गेला.

"मुरलीधरराव, मी अलकनंदा पेंढारकर."

फोनवर पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"बोला."

"आज आम्ही भिंतीवर गेलो होतो. वर रेवती होती, दोर माझ्या हातात." रेवती जागी होऊ नये म्हणून ती कुजबुजत होती. "माझ्या खांद्यावर हात पडला. दोनदा. मी तुमच्याबद्दल जे लिहिलं ते चूक होतं. मला माफ करा. माफ करण्यासारखं नाहीये, तरी..."

"पोरगी कशी आहे?"

"शेजारी झोपलीय. ठीक आहे."

"म्हणजे तुम्ही सोडला नाहीत."

"नाही."

"मी सोडला." त्यांचा आवाज सपाट होता, त्यात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "तीन वर्षं मी दर महिन्याला एकटा तिथे जातोय, ताई. मागून माथ्यावर जायचं, कडीतून दोर सोडायचा, टोकाला दगडांची पिशवी बांधायची आणि खाली येऊन धरून उभं राहायचं. म्हणतो, एकदा पुन्हा पडू दे तो हात. या वेळी नाही सोडणार. संध्याकाळपर्यंत थांबतो. नाही पडत. माझ्याकडचं त्याचं काम झालं."

वायपर काचेवरून एकदा इकडून तिकडे गेला.

"तुमच्याकडचं..." मुरलीधरराव म्हणाले आणि थांबले. मग एकदम निराळ्या, घाईच्या आवाजात त्यांनी विचारलं, "गाडी कोण चालवतंय?"

"मी."

"आणखी कोण आहे गाडीत?"

"आम्ही दोघीच."

"फोन ठेवा. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. काही झालं तरी..."

फोन कट झाला. त्यांनी केला की रेंज गेली, कळलं नाही. अलकनंदाने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. उलट दिशेने एक ट्रक धुक्यातून अचानक निघाला आणि हॉर्न लांबवत बाजूने गेला. गाडी हलली. रेवतीने झोपेतच कूस बदलली.

मग टिंग टिंग आवाज सुरू झाला.

अलकनंदाने डॅशबोर्डकडे पाहिलं. लाल रंगाचं छोटं चिन्ह लुकलुकत होतं, पट्टा न लावलेल्या माणसाचं. ते पुढच्या सीटचं नव्हतं. मागच्या सीटवर कुणी बसलं आणि त्याने पट्टा लावला नाही की ही गाडी असं वाजते. सामान सगळं डिकीत होतं. मागे तिने पर्ससुद्धा ठेवली नव्हती.

रस्त्याच्या कडेला थांबायचं तर कडा दिसत नव्हती. मागून ट्रक येत होते. आरशात मागची काच नुसती पांढरी दिसत होती. ती पुढे बघत राहिली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पांढरी पडेपर्यंत आवळून. टिंग टिंग चालू होतं. गाडीत गोणपाटाचा वास यायला लागला.

"रेवती," ती हळूच म्हणाली. "रेवती, ऊठ बाळा."

रेवती उठली नाही.

मागे, बरोबर ड्रायव्हरच्या सीटच्या मागे, पट्टा सर्रकन ओढल्याचा आवाज आला. मग टक असा, पट्टा अडकल्याचा. आणि टिंग टिंग थांबलं.

लक्ष्मीबाई नगर अजून एकोणीस किलोमीटर होतं.